बारसे आणि बारावे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. पाणी कोणत्या दिवशी सुटणार, गणपतीची वर्गणी कुणाकडे द्यायची, हळदीकुंकू कुणाच्या घरी, हे सगळे त्यावर खडूने लिहिलेले असते. पण येणारी-जाणारी माणसे स्कूटर थांबवून वाचतात त्या सूचना दोनच प्रकारच्या. एक, ‘अमुक यांचे दुःखद निधन. रक्षाविसर्जन उद्या सकाळी साडेआठ वाजता.’ दुसरी, ‘अमुक यांच्या नातवाचे बारसे. सर्वांनी अगत्य येणे.’ दोन्हींचे अक्षर एकाच माणसाचे. मंडळातले एक काका गेली कित्येक वर्षे हा फळा लिहितात. खडूही एकच, फक्त बारशाच्या सूचनेभोवती चार फुले काढलेली असतात.

मध्यंतरी एकदा दोन्ही सूचना एकाच दिवशी फळ्यावर आल्या. वर एका आजोबांचे बारावे, खाली एका बाळाचे बारसे. गल्लीतलीच माझी एक विद्यार्थिनी फळ्यापाशी उभी होती. तिने मला विचारले, “मॅडम, बारसं पण बाराव्या दिवशी आणि बारावं पण बाराव्या दिवशी, असं का ओ?” मी मराठी शिकवते, धर्मशास्त्र नव्हे. ‘बघून सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण या दोन ‘बारां’च्या मध्ये आमच्या घराचेही एक वर्ष गेले आहे. ते आज सांगणार आहे.

सोयर आणि सुतक

आपल्या बोलण्यात ‘सोयरसुतक’ हा शब्द जोडीनेच येतो. ‘त्याला कशाचेच सोयरसुतक नाही’ असे आपण एखाद्या बेफिकीर माणसाबद्दल म्हणतो. पण हे दोन शब्द निरनिराळे आहेत, हे पटकन लक्षात येत नाही. घरात मूल जन्मले की येते ते सोयर आणि माणूस गेले की येते ते सुतक. शास्त्रात एकाला जननाशौच आणि दुसऱ्याला मृताशौच म्हणतात. नियम बहुतेक सारखेच. आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत दोन्हींचे दिवस दहा. दोन्ही वेळा देवपूजा बंद, दोन्ही वेळा घर चार पावले बाजूला. दहाव्या-अकराव्या दिवशी शुद्धी आणि बाराव्या दिवशी पुन्हा माणसांत येणे.

जन्माच्या वेळी बाराव्या दिवशी काय होते? मुलाला नाव मिळते. मनुस्मृतीतही नामकरणासाठी दहावा किंवा बारावा दिवस सांगितला आहे. तोवर ते नुसते ‘बाळ’ असते. नाव ठेवले की ते त्या घराचे, त्या गल्लीचे होते. मृत्यूच्या वेळी बाराव्या दिवशी काय होते? सपिंडीकरण. हा विधी मुळात वर्षअखेरीस करायचा, पण आता सर्रास बाराव्याच दिवशी उरकला जातो. त्यात गेलेल्या माणसाच्या नावाच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या वडील, आजोबा आणि पणजोबांच्या पिंडांत मिसळतात. त्या क्षणापासून तो ‘प्रेत’ राहत नाही, ‘पितर’ होतो.

म्हणजे एका बाराव्या दिवशी नवा जीव कुटुंबाच्या एका टोकाला जोडला जातो आणि दुसऱ्या बाराव्या दिवशी गेलेला जीव दुसऱ्या टोकाला. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे असे आहे. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला, दोघांनाही वाटेवर थोडे थांबावे लागते, आणि त्या थांबण्याचे दिवस आपल्या माणसांनी सारखेच मोजले आहेत.

आणखी एक गोष्ट. लग्न, मुंज अशा मंगल कार्याच्या आधी घरोघरी नांदीश्राद्ध होते. ‘श्राद्ध’ हा शब्द ऐकून नव्या पिढीतल्या मुली दचकतात. शुभकार्यात श्राद्ध कसले? पण त्याचा अर्थ साधा आहे. घरात नवे काही घडते आहे, तर जुन्यांना आधी कळवा. आईने कुणाच्या लग्नात ताट वाढताना पहिला घास बाजूला काढावा, तसेच हे आहे.

एकट्याने न करायच्या गोष्टी

हे झाले पोथीतले. पण पोथीतला विधी भटजी आणि यजमान, दोघांत होतो. गल्लीतला विधी सगळ्यांत मिळून होतो आणि माणसाला सावरतो तो हाच.

घरात माणूस गेले की त्या दिवशी चूल पेटत नाही. पेटवावीही लागत नाही. कुठून तरी पिठले-भाकरी येते, कुठून तरी चहाची किटली येते. कोण आणते ते विचारायचे नसते, आणि आणणाऱ्यानेही सांगायचे नसते. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला गल्ली लोटते. पूर्वी फक्त पुरुष जात, आता बायकाही जातात. रक्षा नदीत सोडायची जुनी रीत. पण आमच्या बेळगाव, कोल्हापूर, सांगली पट्ट्यात ती शेतात खड्डा करून पुरावी आणि वर आंब्याचे किंवा नारळाचे झाड लावावे, असे करणारी घरेही आता दिसू लागली आहेत. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवले की सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहतात. घरातली माणसे एकेक करून हात जोडतात. ‘पोरीचं लग्न आम्ही करू’, ‘धाकट्याला आम्ही बघू’, अशी वचने तिथे उघड्यावर, सगळ्यांच्या देखत दिली जातात. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिवतात. कावळ्यावर विश्वास नसलेल्यांनीही त्या वचनांकडे जरा बघावे. चार माणसांसमोर दिलेला शब्द मोडणे अवघड असते.

जन्माचेही तसेच. पाचव्या रात्री पाटा-वरवंट्याची पूजा करून त्याच्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. बायका दिवा जपत जागतात. ओल्या बाळंतिणीला पहिल्या काही रात्री एकटे सोडू नये, एवढा शहाणपणा त्यामागे नक्कीच आहे. मग बाराव्या दिवशी पाळणा बांधायचा, आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचा, मग बाळ. आत्याने कानात नाव सांगायचे आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मग पाळणा म्हणायचा आणि घुगऱ्या वाटायच्या. आमच्याकडे पेढ्याबरोबर कुंदाही असतो. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, असा भेद पुष्कळ ठिकाणी करतात. कुंद्याला मात्र तो भेद ठाऊक नाही, हे मला फार आवडते.

सामुदायिक स्मरण सीमाभागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. १९५६ साली गेलेल्यांसाठी दर १७ जानेवारीला आपण हुतात्मा दिन पाळतो. तिथे उभे असलेल्यांतल्या बहुतेकांनी त्या माणसांना पाहिलेलेही नाही. आणि रामनवमीला भर दुपारी, गोकुळाष्टमीला मध्यरात्री, शिवजयंतीला गल्लीगल्लीत जो पाळणा हलतो, त्याची दोरी ओढायला हात कुणाचाही चालतो. मग घरच्या पाळण्याच्या दोरीला काही हात का चालत नाहीत, हा प्रश्न आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे.

शेजारच्या घरात

आमच्या शेजारच्या अक्का लिंगायत. त्यांच्या परंपरेत सुतक मानत नाहीत. जन्माचे नाही, मृत्यूचे नाही, विटाळाचे नाही, उष्ट्याचे नाही आणि जातीचेही नाही. बाराव्या शतकात शरणांनी हे पाचही सुतक नाकारले. बाळाला काही दिवसांतच लिंगधारणा होते आणि माणूस गेल्यावर इष्टलिंगासह बसलेल्या स्थितीत त्याला मातीत ठेवतात. जन्मी मिळालेले लिंग शेवटपर्यंत सोबत असते. आमच्या घरी सुतक असले की इतर बायका उंबऱ्याबाहेरून बोलतात. अक्का थेट स्वयंपाकघरात येऊन विळी ओढून बसतात. “आम्हाला कुठलं सुतक ओ,” म्हणतात आणि भाजी चिरू लागतात.

आमच्या कॉलेजातल्या एक सहकारी बाई मूळच्या गोव्याच्या, ख्रिस्ती. २ नोव्हेंबरला त्यांच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस. आदल्या दिवसांत कुटुंबे कबरी धुऊन-पुसून साफ करतात, त्यांवर फुले आणि मेणबत्त्या लावतात. पाद्री प्रार्थना म्हणून कबरींवर तीर्थ शिंपडतात. मी विचारले, बाप्तिस्म्याचा आणि याचा काही संबंध? त्या म्हणाल्या, आहे ना. ईस्टरच्या आदल्या रात्री देवळात एक मोठी मेणबत्ती पेटवतात. वर्षभरात बाळाचा बाप्तिस्मा झाला की पदिन-मादिन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता यांच्या हातातली छोटी मेणबत्ती त्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवायची. आणि माणूस गेले की तीच मोठी मेणबत्ती शवपेटीशेजारी उभी करायची. बाळाला पांढरे वस्त्र, शवपेटीवरही पांढरे वस्त्र. त्यांच्याकडे गोव्यात लग्नाआधी घरच्या पूर्वजांच्या नावाने गोरगरिबांना जेवू घालायची चालही आहे. ‘भिकाऱ्यांचे जेवण’ म्हणतात. मला आपले नांदीश्राद्ध आठवले. धर्म बदलला, देश कुठल्या कुठल्या राजवटीखाली गेला, पण नव्या कार्याआधी जुन्यांची आठवण काढायची ओढ तशीच राहिली.

कोपऱ्यावरच्या शिंपी चाचांनी सांगितलेले तर मी वर्गातही सांगते. मुसलमान घरात बाळ जन्मले की त्याच्या कानात अजान म्हणतात. एरवी अजान झाली की नमाज होते. जनाज्याच्या नमाजेला मात्र अजान नसते. “का नसते माहीत आहे काय?” चाचा म्हणाले, “ती अजान जन्मल्यावर कानात झालेली असते. आयुष्य म्हणजे त्या अजानीपासून त्या नमाजेपर्यंतचा वेळ.” एवढे बोलून त्यांनी पुन्हा मशीनचे पायडल मारायला सुरुवात केली.

आणि बौद्ध बांधवांकडे तर सगळेच साधे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जी धम्मदीक्षा दिली, त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पण म्हणून स्मरण सुटले नाही. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमते. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणतात. मुलाच्या नामकरणालाही हेच. त्याआधी १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला, तेव्हाही भटजीशिवाय आपली कार्ये आपणच करावीत, हा आग्रह होताच. विधी सोपा केला म्हणून माणसांचे जमणे कमी होत नाही, हे या घरांकडे बघून कळते.

फळ्यावरची ओळ

मे २०२१ चा पहिला आठवडा. करोनाची दुसरी लाट. माझे वडील चार दिवसांच्या आजारात गेले. स्मशानात आम्ही चौघेच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी आले. काकांनी फळा लिहिला होता. वडिलांचे नाव, दुःखद निधन. आणि खाली, ज्या ठिकाणी नेहमी रक्षाविसर्जनाची वेळ असते तिथे, ‘कृपया कुणीही येऊ नये.’

जन्मात त्या फळ्यावर अशी ओळ कुणी वाचली नव्हती. काकांनी ती दोनदा पुसून लिहिली होती, पांढरे ओरखडे दिसत होते.

आमच्या वडिलांनी गल्लीतल्या प्रत्येक मयताला खांदा दिला होता. अशा माणसाच्या दाराशी कुणी येऊ शकले नाही. पिठले-भाकरी पायरीवर ठेवून, कडी वाजवून माणसे मागे सरकत. दहाव्याला नदीवर आम्ही दोघे भावंडे आणि भटजी. कावळा लगेच शिवला. पण वचन द्यायला आणि ऐकायला कुणी नव्हते. भाऊ एकटाच काहीतरी पुटपुटला.

बाराव्याच्या आदल्या रात्री मात्र एक गोष्ट घडली. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवत. रात्री आठच्या सुमारास समोरच्या दारातून टाळ वाजला. मग पलीकडच्या दारातून. बघता बघता गल्लीतल्या दहा-बारा दारांत माणसे उभी राहिली आणि आपापल्या उंबऱ्यात राहून त्यांनी तासभर भजन केले. पखवाज कुणी वाजवला नाही. आई खिडकीत बसून होती. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा रडली ती त्या रात्री.

आणखी एक गोष्ट मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळली. आपल्याकडे नवरा गेल्यावर बायका जमतात आणि त्या बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. त्या वेळी कुणीच येऊ शकले नाही. आईने रात्री एकटीनेच साबण लावून बांगड्या काढल्या आणि सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवल्या. न फोडता. मी विचारले तेव्हा म्हणाली, “फोडायला कोण होतं? आणि मला तर फोडवेनात.”

कुंचीवाल्या काकू

इथे मला माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल सांगितले पाहिजे.

आमच्या गल्लीत एक काकू होत्या. ऐन तारुण्यात नवरा गेलेला. जुन्या मऊ लुगड्यांच्या त्या इतक्या सुरेख कुंच्या शिवत की गल्लीतले प्रत्येक बाळ त्यांच्याच कुंचीत पाळण्यात गेले. मीही. पण नाव ठेवायच्या वेळी त्या उंबऱ्याच्या आत येत नसत. दाराच्या चौकटीला टेकून बघत आणि घुगऱ्यांचा द्रोण घेऊन जात. पाळण्याला हात लावायचा तो सवाष्णींनी.

मी कॉलेजात ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ शिकवते. १८८२ साली एका बाईने हे सगळे किती खणखणीत लिहून ठेवले आहे, हे मुलींना सांगताना माझा आवाज चढतो. पण माझ्या थोरल्या भाच्याच्या बारशाला काकू दारात उभ्या होत्या आणि मी आत्या म्हणून पाटावर मिरवत होते. ‘काकू, आत या’ म्हणायचे मला सुचले नाही. सुचले नाही हेच खरे, कुणी अडवले होते असे नाही.

काही वर्षांनी काकू गेल्या. फळा लिहिणारे काका आमच्या दारात आले आणि आईला विचारू लागले, “वहिनी, काकूंचं नाव काय ओ?” आईलाही आठवेना. आम्ही सगळ्यांनी त्यांना काकूच म्हटले होते. शेवटी रेशनकार्डावरून नाव काढले. शंभर बाळांच्या नावांना कुंची पुरवणाऱ्या बाईचे नाव आम्हाला तिच्या मरणानंतर कळले.

पाळण्याची दोरी

एप्रिल २०२२ च्या अखेरीस वडिलांचे वर्षश्राद्ध झाले. या वेळी गल्ली आली. मेच्या अखेरीस भावाला मुलगी झाली. दुसरे बाळंतपण म्हणून वहिनी आमच्याकडेच होती.

त्याच महिन्यात आपल्या सीमेपलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाची बातमी आली होती. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे, या प्रथा आमच्या गावात बंद, असा ठराव हेरवाडच्या ग्रामसभेने केला. महाराष्ट्र शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली आणि गहू निवडत राहिली.

बारशाच्या सकाळी आई स्वयंपाकघरात घुगऱ्यांचे हरभरे बघत होती. बाहेर पाळणा सजला होता. मी आत गेले आणि म्हणाले, “आई, नाव तू सांगायचंस.”

“आत्या सांगते. तो तुझा मान.”

“माझा मान आहे ना, मग तो मी तुला देते.”

“उगीच काहीतरी काढू नकोस. लेकराला काही झालं तर?” आई म्हणाली. मी गप्प झाले. शिकलेल्या माणसाला इथे पुढचे वाक्य सुचत नाही. प्रथा चूक आहे हे आईला पटवणे सोपे होते. पण नातीच्या जिवाची धास्ती ही प्रथा नव्हती, माया होती, आणि मायेशी वाद घालता येत नाही.

अक्का तिथेच नारळ खोवत होत्या. त्या विळीवरून न उठताच म्हणाल्या, “पाच रात्री जागलीस की तू. बाळाला तेल लावतीस की तू. रोज आंघोळ घालतीस की तू. तेव्हा काय झालं लेकराला? आता पाच मिनिटांत काय होतंय ओ?”

आईने हात धुतले. पदराला पुसले. बाहेर आली. बायकांत एकदम शांतता झाली. नात्यातल्या एक वृद्ध मावशी उठून पलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या, त्या न जेवताच गेल्या. हेही सांगितले पाहिजे, सगळे गोड झाले असे नाही. त्यांचा मला राग आला नाही. त्यांनी स्वतः चाळीस वर्षे जो नियम सोसला होता, तो एका सकाळी खोटा ठरलेला बघणे त्यांना जड गेले असणार.

आईने बाळ घेतले. कुंची काकूंनीच शिवलेली होती, थोरल्याची जपून ठेवलेली. आईचे हात थरथरत होते. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि ठरलेले नाव सांगितले. मग आणखी काहीतरी सांगितले. पाळण्यातले नाव म्हणतात ते असेल. ते काय होते ते तिने अजून कुणालाही सांगितलेले नाही. मला एक अंदाज आहे, पण मी विचारत नाही. मग फळा लिहिणाऱ्या काकांच्या बायकोने रीतीप्रमाणे आईच्या पाठीत धपाटा घातला. अगदी हलका. सगळ्या बायका हसल्या आणि आईही हसली.

आई आजही कुंकू लावत नाही. ‘माझं मी बघते’ म्हणते. मीही आग्रह करत नाही. लावायला लावणे ही तरी दुसरी सक्तीच. बांगड्या मात्र सुईदोऱ्याच्या डब्यात आहेत. नात आता डबा उघडून त्यांच्याशी खेळते.

अमावास्येनंतरची पहाट

आपल्या पंचांगाने एक गोष्ट फार सुंदर लावून ठेवली आहे. भाद्रपदाचा वद्य पक्ष पितरांचा. आमच्या खेड्यांतून त्याला ‘म्हाळ’ म्हणतात. शेवटची सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांना कुणी नाही, त्या सगळ्यांची त्या दिवशी आठवण काढायची. आणि दुसऱ्याच दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना. परडीत माती घालून त्यात धान्य पेरायचे. त्याच प्रतिपदेला मुलीच्या मुलाने आपल्या आईच्या वडिलांचे श्राद्ध करायचे, असेही सांगितले आहे. आदल्या दिवशी गेलेल्यांना निरोप आणि दुसऱ्या दिवशी अंकुर. मध्ये एकही दिवस रिकामा सोडलेला नाही.

गेली काही वर्षे सर्वपित्रीला आम्ही घरच्या पानांबरोबर एक पान कुंचीवाल्या काकूंच्या नावाने वाढतो. रेशनकार्डावरचे पूर्ण नाव घेऊन. त्यांचे श्राद्ध घालायचा अधिकार आम्हाला शास्त्राने दिला आहे की नाही, मी कुणाला विचारलेले नाही. नात हात जोडून त्या नावाचा उच्चार करते. ‘क’ला अजून ‘त’ म्हणते, पण नाव पूर्ण घेते.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत असा एखादा फळा असेल. त्यावर पुढच्या वेळी बारशाची सूचना लागेल तेव्हा जरा दाराकडे बघा. चौकटीला टेकून कुणी उभे असेल तर त्यांना आत बोलवा. पाळण्याची दोरी लांब असते. ती सगळ्यांना पुरते.